‘पडदा सरकणे’ : फाटला, सुटला की ओढला गेला?

प्रश्न :
माझ्या मामांना गेल्या आठवड्यात डाव्या डोळ्यासमोर विजेसारख्या रेषा चमकताना दिसू लागल्या, काळे ठिपके तरंगू लागले आणि दोन दिवसांत नाकाच्या बाजूने, खालून वर सावली चढत आली. केसपेपरवर ‘रेटिनल डिटॅचमेंट’ असे लिहिले आहे. घरात मात्र सगळे ‘पडदा सरकला’ म्हणतात. एरवी पडदा सरकला की पलीकडचे दिसू लागते, इथे तर दिसायचे थांबले. हा शब्दप्रयोग बरोबर मानावा का?

उत्तर :
हा पडदा खिडकीचा नसून सिनेमाचा आहे, म्हणजे ज्यावर चित्र उमटते तो, असे धरले की निम्मा गोंधळ मिटतो. शालेय पुस्तकांतला त्याचा शब्द ‘दृष्टिपटल’. ‘जालपटल’ असेही म्हणतात, कारण ‘रेटिना’च्या मुळाशी जाळे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

मला खटकते ते ‘सरकणे’. दृष्टिपटल बाजूला सरकत नाही. ते आपल्या मागच्या रंगद्रव्याच्या थरापासून सुटून पुढे उचलले जाते, जसा ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे पोषण त्या मागच्या बाजूनेच होत असल्यामुळे सुटलेल्या भागाची उपासमार सुरू होते. म्हणून बोलताना ‘पडदा सुटणे’ आणि लिहिताना ‘दृष्टिपटल विलगन’ म्हणावे.

तो कशाने सुटला, हेही शब्दातून कळायला हवे. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार छिद्रजन्य. वयानुसार डोळ्यातला जेलीसारखा काचाभ द्रव आकसतो आणि पटलापासून वेगळा होताना एखाद्या जागी ते फाडतो. त्या फटीतून पातळ झालेला द्रव मागे शिरतो. मोठा उणे नंबर, डोळ्याला लागलेला मार आणि पूर्वी झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांमुळे हा धोका वाढतो. कर्षणजन्य प्रकारात फाटावे लागत नाही : दीर्घकाळच्या मधुमेहात पटलावर धरलेले व्रणासारखे तंतू आकसून त्याला ओढून काढतात. स्रावजन्य प्रकारात छिद्र नाही आणि ओढही नाही. दाह, गाठ किंवा गरोदरपणातील अतितीव्र रक्तदाब यांमुळे मागे पाणी झिरपते. पोपड्याची उपमा खरी शोभते ती इथेच.

शंका :
मग ‘पडदा फाटला’ आणि ‘पडदा सुटला’ हे एकच का?

उत्तर :
मुळीच नाही, आणि हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. फाटला पण सुटला नाही, अशा अवस्थेत बहुधा लेसरने फटीभोवतीची कड चिकटवून काम भागते. सुटल्यावर साधारणपणे शस्त्रक्रियाच लागते, तीही मध्यबिंदू, म्हणजे सर्वांत स्पष्ट दिसते तो पटलाचा मधला भाग, सुटण्याआधी झालेली बरी. या दोन अवस्थांना ‘सरकला’ हा एकच शब्द वापरला की घरच्यांना घाई कशाची आहे, तेच कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता :
केसपेपर पुन्हा पाहिला. डॉक्टरांनी काढलेल्या वर्तुळात वरचा, कानाकडचा भाग निळा आहे आणि त्यात घोड्याच्या नालेसारखी लाल खूण आहे. सावली तर खालून, नाकाकडून आली होती.

उत्तर :
पटलावर चित्र उलटे पडते, म्हणून सुटलेला भाग वरचा असला की सावली खाली दिसते. निळा रंग सुटलेल्या भागाचा, आणि ती नाल म्हणजे फट. तेव्हा मामांचा प्रकार छिद्रजन्य : पडदा आधी फाटला, मग सुटला.