मदत हवी आहे: ९० व्या मिनिटापर्यंत २-० पुढे असलेला संघ ९६ व्या मिनिटाला हरतो, तेव्हा मुलांना काय शिकवायचं?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. गावातल्या १४ वर्षांखालच्या १६ मुलांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. माझ्याकडे कोचिंगचा कुठलाही परवाना नाही. शाळेत लेफ्ट बॅक खेळायचो, तेवढीच शिदोरी. भात कापून शेतं मोकळी झाली की तेच आमचं मैदान, पाऊस लागेपर्यंत.

प्रश्न मुलांचा आहे, पण त्याचं मूळ मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आहे. म्हणून आधी तो सामना सांगतो.

२४ एप्रिल २०२४. आयएसएलची (इंडियन सुपर लीग) दोन सामन्यांची उपांत्य फेरी, पहिला सामना, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. अकरा मुलांना घेऊन गेलो होतो, सगळे नारिंगी जर्सीत. १६ व्या मिनिटाला बोरिस सिंगने पहिला गोल केला, ५६ व्या मिनिटाला कर्णधार ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. दोन गोलांची आघाडी आणि तीही मुंबईवर! समोर मुंबई असली की आम्हा गोंयकारांचं रक्त वेगळंच उसळतं. ८८ व्या मिनिटाला आमच्या ओळीतली मुलं उभी राहून दुसऱ्या सामन्याचं गणित मांडत होती.

मग ९० व्या मिनिटाला मुंबईच्या छांगटेचा गोल. ९०+१ ला विक्रम प्रताप सिंग. ९०+६ ला पुन्हा छांगटे. २-३.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. पाच दिवसांनी अंधेरीत दुसरा सामनाही आपण ०-२ हरलो, एकूण २-५. मुंबईने पुढे कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून करंडक उचलला.

हा पराभव इतका का सलला, हे बाहेरच्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगतो. २०१५ मध्ये याच फातोर्ड्यात आपण मुंबईला ७-० ने धुतलं होतं. २०१९ च्या उपांत्य फेरीत त्यांना एकूण ५-२ ने बाहेर काढलं होतं. म्हणजे २०२४ चा जो आकडा आपल्या वाट्याला आला, तोच पाच वर्षांपूर्वी त्यांच्या वाट्याला होता. मधल्या काळात मात्र पारडं फिरलं. २०२० च्या सुरुवातीला प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना गोव्याने काढलं. त्याच वर्षी ते मुंबईला गेले, आणि आपल्याकडून खेळलेले मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमू, आपला मंदार राव देसाई हे सगळेही तिकडे दिसले. लगेच पुढच्या उपांत्य फेरीत त्याच मुंबईने आपल्याला पेनल्टीवर ६-५ ने हरवलं. आणि २०२४ च्या त्या सामन्यानंतर उन्हाळ्यात ब्रँडनही मुंबईला गेला. व्यावसायिक खेळाडूने जिथे संधी आहे तिथे जावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाईट मात्र वाटलं.

आता विश्लेषण. लोकांनी तेव्हा तीन कारणं दिली: नशीब, दमलेले पाय आणि बचाव. नशीब सोडून देतो, ते शिकवता येत नाही. पायांचं कारण खरं आहे. लीगमध्ये आपले ४५ गुण, मुंबईचे ४७. दोन गुणांच्या फरकामुळे आपण तिसरे राहिलो आणि २० एप्रिलला चेन्नईयनशी बाद फेरी खेळावी लागली. मुंबई थेट उपांत्य फेरीत होती, त्यांचा आधीचा सामना १५ एप्रिलला झाला होता. त्यांना नऊ दिवस, आपल्याला चार. बचावाचं कारणही अर्धं खरं: आपला बचावपटू संदेश झिंगन जानेवारीत आशिया चषकात जायबंदी झाला होता आणि तेव्हापासून मैदानाबाहेर होता.

पण मी त्या शेवटच्या मिनिटांचं चित्रीकरण किती वेळा पाहिलं असेल, सांगता येत नाही, आणि दर वेळी माझी नजर गोलांवरून सरकून गोलांच्या मधल्या वेळेवर जाते. पहिला गोल बसला तेव्हा फलक २-१ होता. आपण जिंकत होतो! आणि गोल खाल्ल्यावर सेंटर, म्हणजे मधल्या वर्तुळातून खेळ पुन्हा सुरू करणं, कोणाचं असतं? आपलं. चेंडू आपल्या पायात, प्रतिस्पर्धी नियमाप्रमाणे ९.१५ मीटर दूर, सगळं मैदान पुन्हा मांडलेलं. तिथून एका मिनिटात दुसरा गोल. मग पुन्हा सेंटर आपलंच. २-२ सुद्धा चालण्यासारखं होतं, कारण बाहेरच्या मैदानावर केलेल्या गोलाला जादा वजन नव्हतं आणि मुंबईत सगळं शून्यापासून सुरू झालं असतं. तरी तिसरा बसला.

म्हणून माझं मत असं झालं आहे की तो सामना आपण आपल्या गोलपाशी हरलो नाही, मधल्या वर्तुळात हरलो. दोनदा सेंटर मिळालं आणि दोन्हीदा चेंडू सांभाळता आला नाही.

हे एकदाच झालं असतं तर मीही विसरलो असतो. २०१५ चा अंतिम सामना आठवा, फातोर्डाच, समोर चेन्नईयन. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने आपण २-१ पुढे. ९० व्या मिनिटाला आपल्याच गोलकीपर कट्टीमणीकडून स्वयंगोल, ९०+२ ला त्यांचा मेंडोझा. तोच २-३. तेव्हा प्रशिक्षक झिको होते, २०२४ ला मनोलो मार्केझ. दोन्ही संघांत खेळाडू वेगळे, तरी दुसरा घाव पहिल्याच्या पाठोपाठ. २०२४ च्याच फेब्रुवारीत कोचीमध्ये मध्यांतराला २-० पुढे होतो, केरला ब्लास्टर्सने ४-२ ने हरवलं आणि त्यातले तीन गोल शेवटच्या दहा मिनिटांत आले. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये बेंगळुरूविरुद्धच्या उपांत्य फेरीत फातोर्ड्यात ८८ व्या मिनिटाला आपल्या सादिकूने गोल केला, दोन सामन्यांचा एकूण हिशेब २-२ झाला, आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो, आणि ९०+२ ला बेंगळुरूच्या सुनील छेत्रीचा गोल. इथे तर गोल खाल्ल्यावर नव्हे, केल्यावर घात झाला.

आता मुलांचं. गेल्या महिन्यात शेजारच्या गावाशी आमचा सामना होता. १-० ने पुढे होतो. चार मिनिटं उरली असताना एक गोल खाल्ला, आणि सेंटर घेतल्यावर अर्ध्या मिनिटात दुसरा. आमचा सेंटर बॅक (मधला बचावपटू), तेरा वर्षांचा, रडत म्हणाला, "दादा, एफसी गोवाचं पण असंच होतं. मग आमचं काय चुकलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

तर मदत अशी हवी आहे. गोल खाल्ल्यावर सेंटर घेण्याआधीच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात संघाने काय करायचं असतं? कोण बोलतो, काय बोलतो? सेंटरचा पहिला पास कुठे द्यायचा? २०१६ पासून तो मागेही देता येतो, त्यामुळे आमची मुलं तो मागे देतात आणि समोरची पाचजण अंगावर धावून आली की गोंधळतात. हे टीव्हीवर पाहून शिकता येत नाही, कारण नेमकं त्याच वेळी गोलची पुनरावृत्ती आणि प्रेक्षक दाखवतात. सरावात हे कसं बसवायचं? आमच्याकडे १६ मुलं, सहा चेंडू, अर्धं मैदान आणि दीड तास असतो. ज्यांनी खेळलंय किंवा शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद (कोल्हापूर)

तुमचं सेंटरबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. मी पेठेतल्या संघाकडून शाहू स्टेडियमवर बारा वर्षं मिडफिल्डला खेळलो. आमच्याकडं दोन तालमींचा सामना म्हणजे अख्खं गाव गॅलरीत. गोल बसला की जो आवाज उठतो, त्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अशा वेळी पोरांचं डोकं आवाजाच्या मागं पळतं.

आमच्या वस्तादांनी एक सवय लावली होती. गोल बसला की जाळीतला चेंडू गोलकीपरनं कुणाकडं भिरकवायचा नाही. तो सेंटर बॅकच्या हातात द्यायचा, त्यानं चालत नेऊन कॅप्टनच्या हातात. उगाच रेंगाळायचं नाही, त्याला रेफ्री कार्ड काढतो. पण पळायचंही नाही. तेवढ्या चालण्यात सगळे आपापल्या जागी येतात आणि एकमेकांची तोंडं बघतात. कॅप्टननं एकच वाक्य बोलायचं, तेही आधीच ठरलेलं. आमचं होतं, "पाच पास." बास. पाच पास होईपर्यंत कुणी पुढं मारायचा नाही.

तुमची पोरं लहान आहेत, त्यांना पाच पास जमणार नाहीत. त्यांना सांगा, सेंटरचा चेंडू मागं द्या आणि मागच्यानं न थांबता समोरच्याच्या कोपऱ्यातल्या झेंड्याकडं लांब मारा. थ्रो त्यांना मिळाला तरी मिळू दे. त्यांच्या गोलपाशी थ्रो म्हणजे तुमच्या गोलपासून अख्खं मैदान लांब. आणि रडलेल्या त्या पोरालाच चेंडू उचलून न्यायचं काम द्या. हाताला काम असलं की धीर येतो.

प्रतिसाद (मुंबई, अंधेरी)

मी मुंबई सिटीचा पाठीराखा, तरी लिहितोय, कारण प्रश्न मनापासून विचारलाय. ती रात्र मी घरी टीव्हीसमोर होतो आणि ८५ व्या मिनिटाला आशा सोडली होती.

एक मुद्दा जोडतो. दमलेल्या पायांचं कारण तुम्ही मान्य करून पुढे गेलात, पण सेंटरनंतरचा गोंधळ आणि दमलेले पाय ही एकच गोष्ट आहे. दमलेला खेळाडू पास मिळावा म्हणून जागा बदलत नाही, उभाच राहतो. मग पास देणाऱ्याला कोणी मोकळं दिसत नाही. छांगटेसारखा वेगवान खेळाडू नव्वदाव्या मिनिटालाही पळू शकतो, हे आमचं बळ होतं. त्याचं श्रेय त्याला द्या.

मी एका शाळेच्या संघाला शनिवारी मदत करतो. तिथे एक गोष्ट उपयोगी पडली: शेवटच्या मिनिटांचा सराव ताज्या पायांनी करायचा नाही. आधी मुलांना दमवायचं आणि मग शेवटची आठ मिनिटं "आपण १-० पुढे आहोत" असा सामना. ताज्या पायांनी सगळ्यांनाच जमतं. आणि एक बदली खेळाडू शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवा. गोल बसला की लगेच बदली मागा. खेळ नियमातच थांबतो आणि मैदानात एक शांत डोकं येतं.

धागाकर्त्याचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. दमलेल्या पायांबद्दल मी चुकलो होतो, ते मान्य. दोन कारणं मी वेगळी मोजत होतो.

कालपासून सुरुवात केली. दीड तासातली शेवटची पंधरा मिनिटं याला ठेवली. आधी शेताच्या बांधापासून बांधापर्यंत सहा धावा, मग आठ मिनिटांचा सामना, एक बाजू १-० पुढे. मी मधेच शिट्टी वाजवून "गोल!" म्हणायचो, चेंडू जाळीत ठेवायचा आणि पुढे असलेल्या बाजूने तिथून सुरू करायचं. पहिल्या चार वेळांत तीनदा मुलांनी पळत जाऊन, कोणाकडे न बघता सेंटर मारलं आणि चेंडू घालवला. पाचव्या वेळी आमच्या सेंटर बॅकने चेंडू छातीशी धरला, चालत वर्तुळापर्यंत आला आणि मोठ्याने म्हणाला, "झेंडो!" मुलांनी हे वाक्य स्वतःच ठरवलं, कोकणीत. चेंडू कोपऱ्यात गेला, सगळी बाजू वर सरकली.

आज पुन्हा केलं. आठपैकी पाचदा जमलं.

एक अडचण उरली आहे, ती विचारतो. गोल केल्यानंतर, म्हणजे छेत्रीच्या वेळी झालं तसं, मुलं आनंदात विखुरतात आणि सेंटर समोरच्याचं असतं. त्यांचा आनंद मला थांबवायचा नाही. सादिकूच्या गोलनंतर मी स्वतः अनोळखी माणसाला मिठी मारली होती, मुलांना कुठल्या तोंडाने सांगू? पण कोणीतरी एक-दोघांनी मागे जागेवर राहायला हवं. हे काम कोणाला द्यायचं आणि ते त्यांना शिक्षा वाटणार नाही असं कसं सांगायचं? जूनमध्ये पाऊस लागला की शेतं नांगरली जातील आणि मैदान संपेल. हातात तीनेक आठवडे आहेत. कोणी हे केलं असेल तर लिहा.