एआयची केळी आणि आमचे फोटो : स्टॉक फोटोवाल्यांचं काय?

तापीकाठ (रावेर तालुका) :
गेल्या आठवड्यात आमच्याकडे एका दुकानावर नवा फ्लेक्स लागला. केळीची बाग, हसरा शेतकरी, मागे डोंगर. एवढा चकचकीत की जाणारा-येणारा थांबून बघत होता. मीही थांबलो. घडातली सगळी केळी खाली तोंड करून लोंबत होती, द्राक्षांसारखी. आमच्याकडचं पाचवीतलं पोरगंही सांगेल की घड खाली झुकतो, पण केळी वर वळतात. खाली लोंबतं ते केळफूल, आणि चित्रात ते नव्हतंच.

मी २०१४ पासून स्टॉक साइटवर, म्हणजे तयार फोटो पैसे घेऊन वापरायला देणाऱ्या वेबसाइटवर, फोटो टाकतो. केळीची कापणी, पानांचे थर देऊन ट्रक भरणारे मजूर, नंदुरबारच्या पथारीवर वाळणारी मिरची, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे. एका डाउनलोडला कधी वीस रुपये मिळायचे, कधी दोनशे. फोटो हजारांवर होते म्हणून महिन्याकाठी सात-आठ हजार जमायचे आणि त्यातून कॅमेऱ्याचा हप्ता फिटायचा. आता एखाद्या महिन्यात हजारही होत नाहीत.

पण मला टोचतं ते वेगळंच. माणसाचा चेहरा दिसणारा फोटो विकायचा तर मॉडेल रिलीजवर (संमतीपत्रावर) त्याची सही लागते. शिरपूरकडे खापरावर मांडे टाकणाऱ्या एका मावशींचे फोटो काढले होते. पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी पेन घेतलं आणि विचारलं, "भाऊ, मना फोटो कोठे जाई?" मी म्हणालो, पुस्तकात, जाहिरातीत. मशीनला शिकवायला जाईल हे सांगितलं नाही, कारण तेव्हा मलाच ते माहीत नव्हतं.

आमच्या फोटोंवर जी मशीन तयार झाली, तिचीच चित्रं आमच्या फोटोंना लागून विकायला ठेवली जातात. माझं म्हणणं एवढंच की मशीन चालेल तितके दिवस आमचा वाटा चालू राहावा, आणि खऱ्या जागेच्या खऱ्या फोटोला वेगळा कप्पा असावा. तुम्हाला काय वाटतं?

पांझराकाठचा (धुळे) :
नाना, राग मानू नका. माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक संध्याकाळी सहाला येतं, उद्घाटन सकाळी नऊला असतं आणि त्याच्या खिशात असतात सहाशे रुपये. त्यात डिझाइन, छपाई, लाकडी चौकट सगळं आलं. यात फोटोचे पैसे कोण देणार? एआय नव्हतं तेव्हा आम्ही गूगलवरून चित्र उचलायचो, कधी कधी त्यावरचा वॉटरमार्क (साइटच्या नावाचा पुसट ठसा) तसाच छापला जायचा. आमच्या लाइनीत परवाना घेऊन फोटो वापरणारा मला तरी अजून भेटलेला नाही. मग एआयने आमच्या दुकानातून तुमचे पैसे नेले असं कसं म्हणायचं?

आणि भाव पडले ते त्याच्याही आधी. शटरस्टॉक या स्टॉक साइटने जून २०२० मध्ये फोटोवाल्याच्या वाट्याला १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या लावल्या आणि दर १ जानेवारीला सगळ्यांना परत तळाच्या पायरीवर आणायचं ठरवलं. मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन ही चित्रं काढणारी एआय लोकांच्या हाती आली २०२२ मध्ये.

तापीकाठ :
२०२० चं तुमचं खरं आहे. पण मालक भाव पाडतो तेव्हा मजूर निदान शेतात तरी असतो. इथे आम्हाला शेतातूनच उठवलंय. आणि माझे फोटो घेणारे धुळ्यात नव्हतेच. पाठ्यपुस्तकवाले, बियाण्याच्या कंपन्या, परदेशातली मासिकं, हे माझं गिऱ्हाईक. तेच आता ओळ टाइप करून चित्र काढून घेतात.

भुसावळ जंक्शन :
मी त्या दुसऱ्या बाजूचा. एआयची चित्रं करून अडोब स्टॉक या साइटवर टाकतो. डिसेंबर २०२२ पासून ते अशी चित्रं उघडपणे घेतात. एआयने केलं आहे अशी खूण करावी लागते, ती मी दरवेळी करतो. घेणाऱ्याला एआय नको असेल तर ती चित्रं गाळून शोधायची सोय आहे. मग फसवणूक कुठे झाली?

दीड लाखाचा कॅमेरा मला या जन्मी परवडला नसता. रेल्वेत ठेकेदाराकडे बारा तास काम करून रात्री दोन तास बसतो. एक चित्र धड यायला तीस-चाळीस वेळा करावं लागतं, बोटं मोजावी लागतात, पाटीवरची अक्षरं पुसावी लागतात. त्याला मेहनत म्हणायचं नाही का? तुमच्या हाती कॅमेरा आला तेव्हा चित्रकारांनीही हेच म्हटलं असेल.

गिरणाथडी (चाळीसगाव) :
आमच्या गावचे छायाचित्रकार केकी मूस आठवा. स्टेशनजवळच्या बंगल्यात राहून, टेबलावर वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून त्यांनी अख्खे देखावे उभे केले. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव देशाबाहेर गेलं. ते देखावेही खरे नव्हतेच. शिवाय स्टॉक साइटवरचा 'आनंदी भारतीय शेतकरी' तरी कुठे खरा असतो? कोरं धोतर, नवा फेटा, पायाला चिखल नाही. बनावट आधीपासून होती, आता फक्त स्वस्त झाली.

तापीकाठ :
मूस साहेबांच्या त्या घरात मी तीनदा जाऊन आलोय, म्हणून सांगतो. टेबलावरची प्रत्येक वस्तू त्यांनी हाताने ठेवली होती, आणि हे टेबलटॉप आहे हे ते स्वतः सांगत. दुसऱ्या कुणाच्या लाखो फोटोंचा रस काढून त्यांनी देखावा केला नव्हता.

कोऱ्या धोतराच्या शेतकऱ्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. असे फोटो मीही काढलेत, कारण तेच खपायचे. त्याची आज लाज वाटते. एआय पहिल्यांदा त्याच फोटोंच्या मुळावर आलं.

पांझराकाठचा :
हाई खरं शे, नाना.

यावल रोड :
कायद्याचं थोडं. गेटी या स्टॉक साइटने सप्टेंबर २०२२ मध्ये एआयची चित्रं घेणं बंद केलं. २०२३ च्या सुरुवातीला स्टेबल डिफ्यूजनवाल्या स्टॅबिलिटी एआय कंपनीवर लंडनमध्ये आणि अमेरिकेत दावे लावले. अमेरिकेतल्या दाव्यात १ कोटी २० लाखांहून जास्त फोटो न विचारता उचलल्याचा आरोप होता. मशीनने काढलेल्या काही चित्रांवर गेटीचा वॉटरमार्कही वेडावाकडा उमटला होता. लंडनच्या कोर्टाचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. मशीनचं प्रशिक्षण ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावा नसल्याने तो मुख्य मुद्दा गेटीने आधीच सोडला होता. मॉडेलच्या (म्हणजे त्या शिकवलेल्या मशीनच्या) आत फोटोंच्या प्रती साठवलेल्या नसतात, म्हणून मॉडेल ही बेकायदा प्रत ठरत नाही, असं कोर्ट म्हणालं. गेटीच्या पदरात पडलं ते त्या वॉटरमार्कमुळे ट्रेडमार्कच्या बाबतीत, तेही थोडंसं.

म्हणजे कोर्टावर भिस्त ठेवून बसू नका. करारात काय लिहिलंय ते बघा. शटरस्टॉकने ऑक्टोबर २०२२ मध्ये ओपनएआय या एआय कंपनीशी भागीदारी जाहीर करताना फोटोवाल्यांसाठी निधी सांगितला होता. अडोबने फायरफ्लाय या आपल्या एआयसाठी २०२३ मध्ये बोनस वाटला. रक्कम कशी ठरते ते मात्र फोटोवाल्याच्या हातात नाही. तापीकाठ, 'वाटा चालू राहावा' ही मागणी योग्यच आहे, पण एकट्याने ईमेल लिहून ती कोण ऐकणार? केळीच्या भावासाठीसुद्धा एकटा शेतकरी बोलला तर व्यापारी मान वर करत नाही.

बांधावरून :
मी कृषी पदवीधर आहे, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सल्ला देते. पैशाचं तुम्ही बोललात, मला चुकीच्या माहितीचं बोलायचंय. पावसाळ्यात कुणीतरी 'केळीवरील करपा ओळखा' असं चित्र ग्रुपवर टाकलं. पानावर गोल गोल काळे ठिपके, रांगोळीसारखे सारख्या अंतरावर. करपा असा नसतोच. आधी शिरांना समांतर बारीक पिवळसर रेघा येतात, त्या लांबट तपकिरी होतात, मग मधला भाग राखाडी पडतो आणि कडेला पिवळी किनार उरते. एका काकांनी मोबाइल पानाशेजारी धरून पाहिला, ठिपके जुळले नाहीत, म्हणून फवारणी केली नाही. मी बागेत गेले तोवर खालची चार पानं वाळली होती.

भुसावळ जंक्शनदादा, तुम्ही खूण करता हे चांगलंच. पण चित्र तुमच्या हातून विकलं गेलं की ती खूण पुढे कोण सांभाळतो? २०२३ मध्ये गाझाची एआय चित्रं अडोब स्टॉकवर खूण असूनही काही बातम्यांच्या साइटवर खरी म्हणून लागली होती.

भुसावळ जंक्शन :
ताई, रोगांची चित्रं मी करत नाही आणि करणार नाही. ही रेघ मला मान्य. पण ऑफिसातली मीटिंग, चहाचा कप, पावसातली छत्री, यात कुणाचं पीक जळतं? ते काम मी सोडणार नाही. घरात त्या पैशाची गरज आहे.

तापीकाठ :
दादा, गरज मला कळते. तुमच्यावर माझा राग नाही. चहाच्या कपाचा फोटो माझ्याकडून गेला तो गेलाच. करप्याच्या पानाचा जाऊ देणार नाही.

बांधावरून :
मग एक विचारू? मला करप्याच्या तिन्ही अवस्थांचे खरे फोटो हवेत, एकाच बागेतले. पुढच्या हंगामाच्या आधी एक पत्रक काढायचंय. पैसे थोडे असतील, पण देईन.

तापीकाठ :
आहेत. श्रावणात एकाच पानाचे दर चार दिवसांनी काढलेत, शेजारी पट्टी ठेवून. फोटोखाली गावाचं नाव आणि तारीख छापायची, एवढीच अट. आणि बाग ज्यांची आहे त्या आबांना आधी विचारतो. या वेळी फोटो कुठे कुठे जाईल ते सगळं सांगून विचारतो.

पांझराकाठचा :
पत्रक माझ्याकडे छापा. बिलात फोटोची ओळ वेगळी धरतो. आमच्या दुकानात अशी ओळ पहिल्यांदाच पडेल.