आइल ऑफ मॅनला छळविरोधी करार: बेटाचा होकार लागतोच का?

दर्यावर्दी:
आयरिश समुद्रातलं आइल ऑफ मॅन हे ब्रिटनचा भाग नाही. राजमुकुटाखालचं स्वशासित बेट आहे ते. संसद स्वतःची, टिनवाल्ड. परराष्ट्र व्यवहार मात्र लंडनकडे. ब्रिटनने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराला डिसेंबर 1988 मध्ये मान्यता दिली, पण बेटाला तो लागू व्हायला डिसेंबर 1992 उजाडला. कलम 2 तर सरळ म्हणतं की अखत्यारीतल्या कुठल्याही प्रदेशात छळ रोखायचा. मग ती चार वर्षं कोठडीतल्या माणसाने कुणाच्या भरवशावर काढायची? माझ्या मते अशा करारासाठी बेटाच्या होकाराची वाट बघूच नये.

सह्यकडा:
नाही पटत. कर, शाळा, पोलीस सगळं टिनवाल्डने बघायचं आणि शिक्षा कशी असावी ते लंडनने ठरवायचं? 1977 मध्ये बेटावरची बर्च झाडाच्या फोकांनी मारण्याची शिक्षा ठेवा म्हणून सुमारे 45,000 मतदारांपैकी 31,000 जणांनी सह्या केल्या होत्या. एवढ्या लोकांना डावलून आणलेला नियम तिथले पोलीस मनापासून पाळतील? आधी टिनवाल्डने कायदा करावा, मग करार यावा. उशीर होतो, मान्य.

रानजाई:
सह्या कशासाठी होत्या तेही सांगा ना. 1972 साली या शिक्षेसाठी बेटावरच्या 15 वर्षांच्या मुलाला चड्डी उतरवून टेबलावर ओणवं केलं, दोन पोलिसांनी धरलं, तिसऱ्याने तीन फटके मारले. त्याच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयात बचाव हाच होता: स्थानिक गरज आहे, लोकांना हवं आहे. एप्रिल 1978 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि सहा विरुद्ध एक मताने ही शिक्षा मानहानिकारक ठरवली. त्या मुलाला तर मतही नव्हतं!

सह्यकडा:
त्या निकालाशी माझं भांडण नाही. पण त्याच न्यायालयाने त्याच वर्षी जानेवारीत उत्तर आयर्लंडमधल्या चौकशीबद्दल ब्रिटनलाही दोषी धरलं होतं. डोक्यावर पिशवी, भिंतीशी तासन्‌तास उभं करणं, कर्कश आवाज, झोप नाही, अन्नपाणी तोडणं. हे करणारं सरकार बेटाला शिकवणार?

दर्यावर्दी:
शिकवायचं नाहीच, उत्तर द्यायचं आहे. करार लागू झाला की बेटावरच्या तुरुंगाबद्दल ब्रिटनला संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या छळविरोधी समितीपुढे उभं राहावं लागतं. आणि 84,000 वस्तीत पोलीस, वकील, लोकप्रतिनिधी एकमेकांना ओळखणारच. एखाद्या कैद्याने तक्रार केली तर ती ऐकणारा बहुधा आरोपीच्या ओळखीतला. अशा जागी बाहेरून बघणारं कुणी हवंच. मोठ्या देशात निदान दुसऱ्या जिल्ह्यातला अधिकारी तरी पाठवता येतो.

चांदणवेल:
पण तो कैदी स्वतः जिनिव्हाला दाद मागू शकत नाही. छळविरोधी कराराच्या कलम 22 खालची व्यक्तिगत तक्रारीची सोय ब्रिटनने स्वीकारलेली नाही. शिवाय दिलेला हक्क काढूनही घेतात. युरोपीय मानवी हक्क व्यवस्थेकडे थेट तक्रार करण्याची बेटवासीयांची मुभा 1976 मध्ये संपली, तेव्हा ती वाढवली नाही. आपल्याकडे तर छळविरोधी करारावरची भारताची 1997 ची सही अजून मान्यतेविना पडून आहे, त्यामुळे ही चालढकल मला ओळखीची वाटते.

रानजाई:
मग मागणी तीच करू या: कलम 22 स्वीकारा, बेटासकट.

सह्यकडा:
त्याला माझा पाठिंबा. फक्त तो ठराव आधी टिनवाल्डमध्ये यावा, एवढा आग्रह मी सोडणार नाही.