मदत हवी आहे : अर्जंट मालाच्या गाडीवर सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी, मी कुपवाडचा. रात्री एमआयडीसीतून मशिनचा पार्ट उचलायचा आणि सकाळी चाकणला पोचवायचा, अशा अर्जंट भाड्याच्या लाइनीत उतरायचंय. अनुभव शून्य. मामाची पिकअप बेदाण्याचे बॉक्स भरून तासगाव मार्केटला नेलीय, बस्स. खंबाटकी घाट भरल्या गाडीनं कधी चढलो नाही.

लायसन्स एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या गाडीचं. 7500 किलोपर्यंतच्या मालगाडीला ते चालतं, असा सुप्रीम कोर्टाचा 2024 चा निकाल आहे, तरी गाडीमालक बॅज (भाड्याची गाडी चालवायचा बिल्ला) मागतातच! आधी दुसऱ्याच्या गाडीवर राहू की हप्त्यावर जुनी पिकअप घेऊ? मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाची (जीएसटीचा ऑनलाइन कागद) मुदत 200 किलोमीटरला एक दिवस. वाटेत गाडी बंद पडली तर मुदत वाढवायची कुणी, मी की माल पाठवणाऱ्या पार्टीनं? चाकणहून परतीचं भाडं कसं शोधता?

एका एजंटानं 'काम लावतो' म्हणून दोन हजार घेतले, आता फोन उचलत नाही. म्हणून इथं विचारतोय.