वैष्णोदेवीची तीन नाणी आणि आजीचा डबा

मनोज (बी ५०२): एक फॉरवर्ड आलंय, खरं की खोटं बघा जरा कोणीतरी. २०१२ चं वैष्णोदेवीचं ५ किंवा १० चं नाणं असेल तर १० लाख मिळतायत म्हणे. आत्ताच पोराचा गल्ला उलटा केला, तीन निघाली, दोन ५ ची एक १० चं. ३० लाख. होम लोन फिटलं

रोहन (सी ६०४): दादा मग पार्टी गच्चीवर

गोखले (सेक्रेटरी): ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं सकाळी टाकली आहेत, एकानेही उघडलेली नाहीत आणि पार्ट्या मात्र गच्चीवर.

सावंत काका (ए २०३): मनोज ती परत गल्ल्यात टाक बाळा. श्राइन बोर्डाला २५ वर्षं झाली म्हणून ती नाणी काढली होती, दिसायला छान आहेत पण चलनात सोडलेली आहेत, मला गेल्या महिन्यात जांभळी नाक्याला भाजीवाल्याने सुट्ट्यात दिली एक, आता जी वस्तू भाजीवाला कोथिंबिरीच्या जुडीबरोबर परत देतो तिला १० लाख कोण देणार सांग

मनोज: काका मेसेजमध्ये फोन नंबर पण आहे, व्हिडिओ पण आहे, एक बाई पैशाची बॅग घेताना दाखवलीय

देशमुख वहिनी (बी १०१): मनोज भावजी त्या नंबरवर फोन करू नका प्लीज. आमच्या धाकट्या दिरांचं हेच झालंय, कळव्याला असतात ते. त्यांच्याकडे ती ट्रॅक्टरवाली ५ ची जुनी नोट होती, फोटो टाकला ऑनलाइन आणि दहा मिनिटांत फोन, साडेपाच लाखाला घेतो म्हणाला, रिझर्व्ह बँकेचं ओळखपत्र पाठवलं व्हॉट्सअ‍ॅपवर. मग ७५० रजिस्ट्रेशन भरा, मग ४,२०० जीएसटी भरा, आणि शेवटी तर हद्द, म्हणे पैसे घेऊन गाडी निघालीय पण मुलुंड टोलनाक्यावर अडवलीय, सोडवायला ९,००० पाठवा. पाठवले. १३,९५० गेले. जाऊबाईंना तीन आठवडे सांगितलं पण नाही त्यांनी, तिला बँकेच्या मेसेजवरून कळलं आणि मग जे काय झालं ते विचारू नका

रोहन: गाडी टोलनाक्यावर अडकली 😂 सॉरी वहिनी

देशमुख वहिनी: हसा. आता आम्ही पण हसतो. तेव्हा नव्हतो हसत.

सावंत काका: वहिनी यात लाजण्यासारखं काही नाही, इतके लोक फसले की ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं, आम्ही असल्या व्यवहारात नाही, कमिशन टॅक्स काही घेत नाही आणि आमच्या नावाने घ्यायला कोणाला सांगितलेलं पण नाही म्हणून. साधी गोष्ट आहे, ज्याला आपली वस्तू हवी तो आपल्याला पैसे देतो. तोच आपल्याकडे मागायला लागला की फोन ठेवायचा. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तीन आठवड्यांनी नाही, तासाभरात केला तर निदान पुढच्या खात्यात पैसे अडकायची आशा असते

रोहन: पण काका प्रॉफिट होतो की लोकांना. लिलावात एकेक नाणं लाखांत जातं, मी स्वतः बघितलंय. मी विचार करत होतो सरकारी मिंटच्या साइटवरून स्मारक नाणी घ्यायची आणि दोन वर्षं ठेवून विकायची. ते संसद भवनाचं ७५ चं आलं होतं ना २०२३ ला, तसं. तुम्ही तर तीस वर्षं हेच करताय, किती सुटले खरं सांगा

सावंत काका: सांगतो, बोलून टाइप करतोय त्यामुळे काही भलतंच उमटलं तर समजून घ्या. माझा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे गांधीजींची १० रुपयांची चांदीची नाणी, १९६९ ची जन्मशताब्दीची, २००६ ला एका रिटायर्ड माणसाकडून ४० नाणी घेतली ३०० रुपयाप्रमाणे. ते नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम चांदी झाली, तर ३०० म्हणजे चांदीच्या भावापेक्षा फार वर नव्हतो मी. एप्रिल २०११ ला चांदी वेड्यासारखी वर गेली तेव्हा ७५० ने सगळी काढली, १८,००० सुटले, तुमच्या काकूला फ्रीज आणला. पण नीट बघ रोहन, ही कमाई चांदीची, नाण्याची नाही, मी चांदीची वीट घेऊन ठेवली असती तरी हेच झालं असतं आणि चाळीस पाकिटं सांभाळत बसलो नसतो

सावंत काका: आता तोटा ऐक. एका प्रदर्शनात शिवराई घेतली ४,००० ला. तांब्याची, एका बाजूला श्री राजा शिव दुसऱ्या बाजूला छत्रपति, सगळी अक्षरं लख्ख, मी इतका हरखलो की घासाघीस पण केली नाही. घरी येऊन भिंगाखाली धरली तर अक्षरांच्या कडेला बारीक बारीक फोड, साबुदाण्यासारखे. म्हणजे ओतीव माल. खरी शिवराई ठोकून पाडलेली असते आणि ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात, काहीतरी कापलं जातंच. मला जे सगळं लख्ख दिसलं तेच खोटं असल्याची खूण होती. आणि खरी निघाली तरी ती महाराजांच्याच काळातली असेल असं नाही बरं का, पेशवाईत आणि त्यानंतरही शिवराया पाडत होते. विकणारा माणूस पुढच्या प्रदर्शनात दिसलाच नाही, ती शिवराई अजून देवघरात आहे, काकू रोज हळदकुंकू लावते, तिला मी सांगितलेलं नाही. ती या ग्रुपवर नाही म्हणून लिहितोय

मनोज: काका काकू आमच्या हिच्याबरोबर भिशीत आहेत

सावंत काका: मनोज.

रोहन: आणि ७५ चं?

सावंत काका: ३५ ग्रॅमचं आणि निम्मी चांदी. हौस म्हणून घे. मिंटच्या भावाने मिळालं तर एकवेळ ठीक, कारण तिथला माल संपला की बाहेर तेच चढ्या भावाने विकतात, पण तू त्या चढ्या भावाने घेणाऱ्यातला असशील तर तुझा फायदा आधीच दुसऱ्याने खाल्लाय. आणि विकायला गेलास की व्यापारी काय म्हणतो ते ऐक एकदा. दुकानात ज्याची चिठ्ठी २,००० ची तेच तू विकायला नेलंस तर १,२०० म्हणेल आणि वर चहा पाजेल. त्याचं पण बरोबर आहे, त्याला ते गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळायचंय. यात जो कमावतो तो विकताना नाही, घेताना कमावतो, ढिगातून बरोबर वस्तू उचलतो तो

स्नेहल (ए ७०१): काका विषय निघालाच आहे तर. आजीचा एक डबा आहे, पितळी, चौदा नाणी आहेत. लक्ष्मीपूजनाला बाहेर येतो फक्त. दोन राणीछाप (व्हिक्टोरिया) १८६२ ची, एक टकल्या राजा (सातवा एडवर्ड) १९०७, मुकुटवाल्या राजाची (पंचम जॉर्ज) सहा १९१२ ते १९१९, त्याच्याच आणखी एकाचं सालच नीट दिसत नाही १९१ च्या पुढचं झिजलंय, दोन १९४० च्या नंतरची, एक १९४७ चं वाघवालं, आणि एक सगळ्यात भारी, ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं राम सीता हनुमानवालं. फोटो टाकते. बाबांना एकजण म्हणाला कंपनीचंच एकट्याचं ५ लाख. तांदूळ ओढतं म्हणे ते

सावंत काका: स्नेहल सगळ्यात आधी ते. कंपनीने रामदरबाराचं नाणं कधीच पाडलं नाही. ते देवळाबाहेर विकले जाणारे रामटके असतात, त्यावर कंपनीचं नाव आणि मनाला येईल ते साल टाकतात. आणि तांदूळ ओढणारं नाणं हा तर वेगळाच धंदा आहे, तांदळात लोखंडाचा कीस भरतात आणि खाली चुंबक, त्यात माणसं जमिनी विकून बसलीत. बाबांना त्या माणसाचा फोन घेऊ देऊ नकोस. पूजेला ठेवा, छान आहे ते पूजेला

सावंत काका: १८६२ म्हणजे फार जुनं आणि दुर्मिळ असं वाटतं पण तसं नाही, राणीच्या रुपयावर १८६२ हेच साल ठेवून १८७४ पर्यंत पाडत होते, म्हणून ढिगाने मिळतात. मी पण एकदा २,५०० देऊन बसलोय त्याला. राणी, टकल्या, मुकुटवाला हे सगळे ११.६६ ग्रॅमचे, १२ भागांत ११ भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. आज ग्रॅमला काय भाव आहे त्याला १०.६९ ने गुण, ती झाली तळाची किंमत, त्याच्या खाली कोणी मागितलं तर उठून यायचं. १९४० नंतरच्यांत निम्मीच चांदी, लढाई सुरू होती. आणि ४७ चं निकेलचं आहे, चांदी शून्य, फ्रीजवरचं चुंबक लाव, चिकटेल. चिकटलं म्हणून खोटं नव्हे, ते खरं असतं म्हणूनच चिकटतं

स्नेहल: चिकटलं! आई म्हणतेय इतकी वर्षं चांदी म्हणून पूजा केली याची

रोहन: आणि ते साल झिजलेलं?

सावंत काका: त्याचा जवळून फोटो टाक. राजाच्या झग्यावर साखळी आहे, तिच्यावर छोटा हत्ती दिसतो का बघ, आणि त्याची सोंड

स्नेहल: हत्ती नाही वाटत. डुक्कर वाटतंय मला तरी

सावंत काका: थांब.

सावंत काका: १९११ ला पंचम जॉर्जचा पहिला रुपया पाडला त्यात हत्तीची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं. धर्म बाटवायला मुद्दाम केलं म्हणून ओरड झाली, सरकारने परत घेतले आणि वितळवले, ९४ लाख पाडलेले त्यातले ७ लाखच बाहेर गेले होते. १९१२ पासून सोंड लांब केली. फोर्टला रिझर्व्ह बँकेचं म्युझियम आहे तिथे विचारलंस तर हीच गोष्ट सांगतील. असेल तर त्याला चांदीच्या वरचा भाव आहे. पण झिजलेल्या नाण्यावर सोंड पण झिजते, तेव्हा कुठलाही हत्ती डुक्करच दिसतो

मनोज: स्नेहल पार्टी गच्चीवर

गोखले: गच्ची बंद आहे.

रोहन: काका तुम्हीच घेऊन टाका ना मग स्नेहलकडून, घरातल्या घरात

सावंत काका: नाही. सोसायटीत कोणाकडून घेत नाही मी. एकदा सी विंगमधल्या एकांकडून चांदीचे सात जुने रुपये घेतले होते, चांदीच्या भावाने, चोख. तीन महिन्यांनी चांदी वर गेली आणि चार वर्षं ते लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे असायचे. बघून देईन, फुकट देईन, घेणार नाही

स्नेहल: माझा भाचा डिसेंबरमध्ये न्यू जर्सीहून येतोय, तिकडे जास्त भाव येईल म्हणतोय, त्याच्याबरोबर पाठवू का

सावंत काका: अजिबात नाही. १०० वर्षांवरचं नाणं पुरावस्तू धरतात, १९७२ चा कायदा आहे, बाहेर न्यायला बंदी. विमानतळावर पोराला अडकवशील. आणि एक सांगायचं राहिलं, उद्या मी येईपर्यंत कोणी काही पुसू नका घासू नका, काळपटपणा आहे तसा राहू दे, घेणारा आधी तोच बघतो

स्नेहल: ...

स्नेहल: काका आईने दसऱ्याला सगळी चिंच मिठाने घासली होती. झिजलेलं जास्तच घासलं, साल दिसेल म्हणून

सावंत काका: असू दे. उद्या ११ ला येतो वजनकाटा घेऊन. चहा बिनसाखरेचा.

(रविवार)

स्नेहल: अपडेट, सगळे विचारतायत म्हणून. काकांचा काटा दोन दशांशापर्यंत दाखवतो, सोनाराकडे असतो तसा. मुकुटवाली सहाही व्यवस्थित, ११.५ ते ११.६, झिजून कमी होतात म्हणे एवढी. टकल्या पण खरा. राणीतली एक ११.५२ आणि दुसरी १०.३. काकांनी दोन्ही फरशीवर टाकून आवाज ऐकवला, एक टणकन वाजली नि वाजतच राहिली, दुसरी नुसती ठक्. कडेला मधोमध जोड दिसतोय भिंगातून. खोटी. आईला सांगितलं तर म्हणाली की ती माझ्या आजेसासूबाईंच्या ओटीतली आहे ती खोटी कशी असेल, आणि काका गप्प बसले

रोहन: आणि डुक्कर???

स्नेहल: वजन बरोबर आहे, चांदी आहे. खाली फुलाच्या खाली टिंब आहे म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचं. पण सालाचा शेवटचा आकडा १ आहे का ७ ते भिंगातूनही कळत नाही, आणि सोंडेच्या जागी नुसतं गुळगुळीत. चिंचेने झालं का आधीच होतं देव जाणे. काका म्हणाले ओळखीच्या जाणकाराला दाखवतो पण आशा धरू नको. एका कागदी पाकिटात घालून दिलंय, प्लास्टिकच्या मऊ पिशवीत ठेवू नका म्हणाले, हिरवट चिकट होतं त्यात

देशमुख वहिनी: विकणार का मग बाकीची?

स्नेहल: ४० नंतरची दोन बघू. बाकी आई सोडत नाही, खोटी राणी तर मुळीच नाही

सावंत काका: मनोज तुझ्या तीन नाण्यांचं काय झालं, त्या नंबरवर फोन नाही ना केलास

मनोज: नाही काका. पण गल्ला उघडा राहिला होता. चिरंजीव तिन्ही घेऊन खाली गेले आणि वडापाव खाऊन आले

सावंत काका: चांगला भाव आला. आमच्यासाठी आणला का विचार