मेश घेतला, आता त्याला मोडेम कोणता?

काका: मंडळी, तीन डब्यांचा मेश आणलाय, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर वायफाय पसरवणारे डबे. आतल्या खोलीत रेंजच येत नव्हती. आता त्याला साजेसा मोडेम घ्यायचाय. चार अँटेनांचा, वायफाय 6 वाला एक बघून ठेवलाय. मागवू का?

दादा: मागवा की. मेश नवा आणि मोडेम जुनाट, असं कशाला ठेवायचं?

ताई: काका, थांबा, लगेच मागवू नका. भिंतीतून येणारी वायर आणि आत्ताच्या डब्याची मागची बाजू, दोन्हींचे फोटो टाका आधी.

काका: (फोटो) (फोटो) पिवळी बारीक वायर आहे, टोक हिरवं.

ताई: म्हणजे फायबर. मग बाजारातला मोडेम तुमच्या कामाचाच नाही. फायबरला ओएनटी लागतो, प्रकाशातून येणारा सिग्नल साध्या नेटवर्क केबलवर देणारा डबा. तो कंपनीच्या सिस्टीमवर सीरियल नंबरने नोंदवलेला असतो. तुम्ही कितीही भारी डबा आणलात तरी कंपनीने नोंदवल्याशिवाय तो सुरू व्हायचा नाही. आणि अँटेनांचं म्हणाल, तर मेश लावल्यावर त्या डब्याचं वायफाय आपण बंदच करणार आहोत. जे बंद ठेवायचं त्यावर खर्च कशाला? मोडेमकडून एवढंच हवं: लाइन नीट घ्यायची आणि एका चांगल्या पोर्टवरून मेशला द्यायची.

वहिनी: आमच्याकडे जाड काळी वायर आहे, टीव्हीच्या केबलसारखी, स्क्रूसारखी फिरवून बसते. आम्हालाही हेच लागू का?

ताई: नाही वहिनी, तुमची कोॲक्स केबल. तिथे बऱ्याच कंपन्या स्वतःचा मोडेम लावू देतात, पण फक्त त्यांच्या मंजूर यादीतला. यादी आधी बघ. नवा घेणार असशील तर डॉक्सिस (टीव्ही केबलवरून इंटरनेट देण्याची पद्धत) 3.1 चा घे, तो जुन्या 3.0 च्या लाइनवरही चालतो. आणि राउटर नसलेला, नुसता मोडेम मिळाला तर उत्तमच. प्लॅन 1 जीबीपीएसच्या वर असेल तर पोर्ट 2.5 जीबीपीएसचा आहे का तेही बघ, नाहीतर वेग तिथेच अडेल.

मामा: आमची टेलिफोनची वायर आहे गं.

ताई: मामा, मग व्हीडीएसएल 2, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून जास्त वेग देणारी पद्धत, चालणारा मोडेम हवा, पण तुझ्या लाइनवर कंपनी ते देते का हे विचारून घे. नुसत्या एडीएसएल 2+ या जुन्या पद्धतीवर 24 एमबीपीएसच्या वर जाता येत नाही, मेश कितीही चांगला असू दे.

काका: मेश जोडून पाहिला. चालतोय. पण प्लॅन 300 चा आणि केबल लावून लॅपटॉपवर 94 च्या वर जातच नाही. गेममध्ये ‘नॅट स्ट्रिक्ट’ येतंय म्हणून पोरगा वैतागलाय, आणि प्रिंटरही सापडेना.

ताई: 94 आला की मला पोर्टचीच शंका येते. 100 एमबीपीएसच्या पोर्टवर प्रत्यक्षात साधारण एवढाच वेग मिळतो. तुमचाच फोटो मोठा करून बघा: LAN1 खाली GE लिहिलंय, बाकी तिन्हींखाली FE. GE म्हणजे गिगाबिट, FE म्हणजे 100. मेशची केबल कुठे लावलीय?

काका: तिसऱ्यात.

ताई: पहिल्यात लावा. केबल कॅट 5ई किंवा त्यावरची हवी, जुन्या केबलमधल्या आठातल्या चारच तारा जोडलेल्या असतील तरी वेग 100 वरच अडतो. आता गेमचं. मेशच्या ॲपमध्ये इंटरनेटच्या पानावर आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, काय दिसतो?

काका: 192.168.1.5

ताई: हेच ते, डबल नॅट. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवणं, ते इथे दोनदा होतंय. कंपनीचा डबाही राउटर, मेशही राउटर, घरात दोन कारभारी झालेत. प्रिंटर अजून जुन्या वायफायवर असणार आणि लॅपटॉप मेशवर, म्हणून ते एकमेकांना सापडत नाहीत. कंपनीला फोन करून ओएनटी ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसता सिग्नल मेशला देईल. पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (लाइनवरची सेवा ओळखायचा क्रमांक) लागतो का, लागत असेल तर कोणता, हे त्याच फोनवर लिहून घ्या. मग ते मेशच्या ॲपमध्ये भरायचं. ब्रिज कोणत्या पोर्टवर करणार तेही विचारा, GE वरच करा म्हणावं.

दादा: त्या डब्यालाच लँडलाइन जोडलीय ना काकांची?

ताई: बरं झालं आठवण केलीस. काका, ब्रिज केल्यावर फोन चालू राहील ना, हे आधी पक्कं करा. कंपनी ब्रिज देत नसेल तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो राउटर न राहता नुसतं वायफाय देईल, डबल नॅट जाईल. फक्त बऱ्याच मेशमध्ये मग मुलांसाठीचं नियंत्रण वगैरे सोयी बंद होतात.

वहिनी: आमचा आयपी 100.72 ने सुरू होतोय. तेच का?

ताई: नाही. 100.64 ते 100.127 म्हणजे कंपनीकडेच नॅट आहे. ते ब्रिजने जाणार नाही. गेमला किंवा बाहेरून कॅमेरा बघायला अडत असेल तर कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येणारा पत्ता, माग.

काका: पहिल्या पोर्टात लावली. 287!! चार अँटेनांचा विषय संपला. ब्रिजची विनंती टाकतोय. वायफायला नाव नवीन देऊ का?

ताई: नको, जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड मेशला द्या, म्हणजे प्रिंटर-टीव्ही आपोआप जोडले जातील. पण आधी ओएनटीचं वायफाय बंद करा, नाहीतर काही यंत्रं तिकडेच चिकटून बसतील. आणि डबा सरकवताना ती पिवळी वायर कोपऱ्यात दुमडू नका, आत काच असते. LOS चा (सिग्नल येत नाही असं सांगणारा) लाल दिवा लागला तर घरातलं काही बदलू नका, सरळ लाइनमनला बोलवा.