गिरणी कामगार आजोबांचं साचाखातं मुलांना उभं करायचंय : आवाज, वास, स्पर्श कसा साधावा?

चित्रकला_नववी (प्रश्न)

नववीच्या अकरा मुलांचा गट आहे. गटातल्या एका मुलीचे आजोबा (वय ८१) १९६५ ते १९८२ लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात (कापड विणण्याच्या विभागात, गिरणीत मागाला साचा म्हणतात) होते. गाव मालवणकडचं, राहणं चाळीतल्या गाळ्यात, जेवण खानावळीत. त्यांच्या आठवणींवरून दहा बाय बाराच्या खोलीत एक दालन करायचंय. त्यात बघायला कमी आणि ऐकायला, हुंगायला, चाचपायला जास्त असावं. पहिले पाहुणे आजोबाच.

अडलंय ते असं. मुलं विचारतात तेव्हा ‘खूप आवाज असायचा, काम खूप असायचं’ यापुढे काही येत नाही. आजोबांच्या कानाला यंत्र आहे, त्यामुळे आवाज त्यांच्यापर्यंत पोचवायचा कसा? आणि वास टिकवायचे कसे? हाताशी सहा आठवडे आणि साडेचार हजार रुपये आहेत.

आठवणींची_वही

आधी प्रश्न बदला. ‘गिरणीत कसं होतं?’ या प्रश्नाला उत्तरही तसंच मोघम येणार. पाळीचा एकच दिवस धरा आणि पहाटेपासून तासातासाने पुढे सरका. गाळ्यात किती जण झोपायचे आणि पाय कुठे यायचे? नळावर नंबर कधी लागायचा? खात्यात शिरल्यावर सदरा कुठे अडकवायचा? दोन साचे सांभाळायचे की चार? तार (मागावरचं सूत) तुटलं की आधी कुठला हात कुठे जायचा? एवढ्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं कसं, कुठल्या खुणा होत्या? हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा, कारण त्याचं उत्तर तोंडाआधी हात देतात.

बैठक सकाळची आणि अर्ध्या-पाऊण तासाचीच ठेवा. माणूस दमला की ‘असंच असायचं’वर येतो. अशा तीन बैठका पुरतात. पहिल्या बैठकीत टेबलावर नुसता एक धोटा (मागात आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा) ठेवा आणि काही बोलू नका. आजोबा तो उचलून काय करतात ते टिपा. कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर ठेवा.

प्रत्येक बैठकीनंतर मुलांना दोन ढीग करायला लावा : ‘आजोबांनी सांगितलेलं’ आणि ‘आपण शोधलेलं’. दालनात पहिलाच ढीग जातो. मुलं हमखास इंटरनेटवरून चिमणीचे फोटो काढतात आणि गिरणीचं संग्रहालय मांडून बसतात. चिमणी बाहेरून दिसते. साच्यासमोर आठ तास उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ताणा (मागावर ताणलेलं उभं सूत) होता. तेव्हा प्रसंग तीनच घ्या, चौथा नको.

कंप_आणि_आवाज

साचा कानाने जितका कळतो, तितकाच तळपायाने. कान गेलेला असला तरी तळवा आणि तळपाय शाबूत असतात, म्हणून आवाज तिथून पोचवा.

२५ वॅटचा एक एक्सायटर (पडदा नसलेला स्पीकर, ज्याला जोडाल ती वस्तूच वाजते) आणि छोटा अँप्लिफायर, दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत बसतं. १२ मिमी प्लायवूडची दोन बाय तीन फुटांची फळी घ्या. तिच्या खाली मधोमध एक्सायटर स्क्रूने बसवा. दुतर्फी टेप गरम होऊन सुटते आणि मग नुसता खरखराट येतो. चारही कोपऱ्यांत दोन-दोन इंचांचे ठोकळे आणि ठोकळ्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. ट्यूब नसेल तर सगळा कंप फरशी खाऊन टाकते. आजोबांना फळीवर उभं करू नका, तोल जाईल. हाताच्या खुर्चीत बसवा, खुर्ची जमिनीवर आणि फक्त पाय फळीवर. फळीकडे जाणाऱ्या आवाजातून १५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा.

जुना साधा साचा मिनिटाला साधारण १८० ते २०० फेके (धोट्याच्या फेऱ्या) टाकतो, म्हणजे सेकंदाला तीनाहून थोडे जास्त. धोट्याला बसणारा फटका, तोच तो ‘खाट्’. एकाच साच्याचं रेकॉर्डिंग फिरवत ठेवलं तर ते घड्याळासारखं वाटतं, खात्यासारखं नाही. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या सहा प्रती करा, वेग ९७, ९८, ९९, १००, १०१, १०३ टक्के ठेवा आणि प्रत्येक प्रत वेगळ्या क्षणी सुरू करा. सगळे ठोके एकमेकांत मिसळून जी गाज तयार होते, ते खातं.

हवेतला आवाज ७५ डेसिबलच्या वर नेऊ नका. खऱ्या खात्यात तो नव्वदीच्या पुढे असायचा आणि त्यानेच कान गेले. आजोबांच्या कानातलं यंत्र फळी सुरू करण्यापूर्वी काढून ठेवा, असल्या ठोक्यांनी ते त्रासच देतं.

भोंगा करायचा असेल तर इंटरनेटवरचा ‘सायरन’ घेऊ नका. तो चढउताराचा, युद्धातला असतो. गिरणीचा भोंगा एका सुरात लांब ओढलेला. हार्मोनियमच्या खालच्या सप्तकातल्या दोन लगतच्या पट्ट्या एकदम दाबून, भाता स्थिर ठेवून आठ-दहा सेकंद रेकॉर्ड करा. आणखी एक सप्तक खाली उतरवलात की पुष्कळ जवळ जातं.

सूत_आणि_खळ

धोटा विकत घेण्याआधी भिवंडी, इचलकरंजी किंवा मालेगावला कुणाची ओळख निघते का बघा. धोट्याचे यंत्रमाग तिथे अजून आहेत, आणि बाद झालेला धोटा सहज मिळतो. त्यात सुताची भरलेली कांडी बसवूनच हातात द्या. रिकामा धोटा हलका लागतो आणि जुना हात लगेच ओळखतो. टोकांचं लोखंड घासून चकचकीत करू नका.

तिथूनच तेलाने माखलेलं एक फडकंही आणा, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पिशवीचा वास लागतो. काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा न्या. दुकानातलं शिलाई मशीनचं तेल चालणार नाही, त्याला वासच नसतो.

खळीचा (सुताला कडकपणासाठी लावतात त्या पेजेचा) वास घरी करता येतो. चिंचोक्याचं पीठ ५० ग्रॅम घ्या (ते नसेल तर मक्याचं स्टार्च), एक लिटर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं ढवळत शिजवा. दोन मीटर मांजरपाट त्यात बुडवून पिळा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. अर्धवट ओला राहिला तर दुसऱ्या दिवशी आंबूस येतो, पुढे बुरशी. हुंगायला देण्याआधी कापडावर पाण्याचा हलका शिडकावा करा, वास पुन्हा उठतो.

वास तीनच, प्रत्येक वेगळ्या बरणीत, झाकण घट्ट. एकेक उघडा, मध्ये दोन मिनिटं जाऊ द्या, कारण नाक पटकन सरावतं. वय झालं की वास मंदावतो, म्हणून मुलांना पुरेसा वाटणारा वास आजोबांना कळेलच असं नाही. तेल वाढवू नका, बंद बरणी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. सगळे वास एकदम खोलीत सोडले तर पाच मिनिटांत एकही ओळखू येत नाही.

कापसाची धूळ उडवायची नाही, अगदी चिमूटभरही. याच धुळीने गिरणी कामगारांच्या छात्या भरल्या, आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळायची. कापूस मच्छरदाणीच्या कापडात शिवून द्या.

आणि तार जोडायला द्या. शिवणाचा दोरा नको, तो गुळगुळीत असतो आणि गाठ सरकते. २० नंबरचं कोरं सूत आणा, काळ्या पुठ्ठ्यावर ताणून लावा म्हणजे डोळ्यांना दिसेल, आणि मध्ये कापा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन टोकं फुलीसारखी ठेवून, फेर देऊन ओढलेली ती बारीक गाठ शब्दांत सांगता न येणारी माणसंही बांधून दाखवतात.

चित्रकला_नववी

एक्सायटरचं आजच बघते. खानावळीच्या ताटाचं काय करू? मुलांना सुकट भाजायची आहे. शिवाय संपाच्या घोषणा लावाव्यात का, यावरून गटात दोन तट पडलेत.

आठवणींची_वही

सुकट खोलीत भाजू नका, वास भिंतींना दोन-तीन दिवस राहतो आणि तेल-खळ दोन्ही मारतो. बाहेर, सगळ्यात शेवटी, तव्यावर मूठभर. मासळीची अ‍ॅलर्जी कुणाला आहे ते आधी विचारून घ्या. आजोबांनी काही चाखायचं असेल तर पथ्य घरच्यांना विचारून.

संपाच्या घोषणा आजोबांनी स्वतः विषय काढला तरच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि कितीतरी जण पुन्हा कधीच साच्यासमोर उभे राहिले नाहीत. ती जखम अचानक आवाज लावून उघडायची नसते. भोंग्याचंही तसंच, आधी मोबाईलवर हळू ऐकवून ‘हा चालेल का?’ विचारा.

पहिल्या दिवशी आत फक्त आजोबा, नात आणि आणखी एक मूल. बंद करायचं बटण आजोबांच्या हाताशी, लाल आणि मोठं. आत दहा मिनिटं पुरे. ते म्हणाले ‘असं नव्हतं’, तर पुस्तक काढून वाद घालू नका, तिथल्या तिथे बदला. वेग बदलता यावा म्हणून लॅपटॉप आतच ठेवा, आणि एका मुलाकडे कोरी वही द्या.